दुधी भोपळ्याची निर्दोष सुटका

आमच्या घरात दुधावर बंदी आली तेव्हा पहिला बळी दुधी भोपळ्याचा गेला.

बंदी मीच घातली होती, आणि त्याचं कारण होतं सुनंदाचा पाय. सुनंदा म्हणजे माझी बायको, अर्धापूरला सरकारी कार्यालयात नोकरीला. मी नांदेडच्या एका शाळेत आठवीला विज्ञान शिकवतो. (हे वाक्य लक्षात ठेवा. पुढं ते माझ्याविरुद्ध वापरलं जाणार आहे.) लोह्याजवळ माझ्या सासूबाईंचं शेत आहे. तिथं हुरडा खायला गेलो असताना बाभळीचा एक काटा चप्पल फोडून सुनंदाच्या तळपायात घुसला. काटा काढला, हळद लावली, हुरडा खाल्ला आणि हसतखेळत परत आलो. दोन-तीन दिवसांत पाय असा सुजला, की तिची चप्पल सोडाच, माझा बूटसुद्धा तिला होईना.

"जंतुसंसर्ग आहे," डॉक्टर म्हणाले. आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावरचेच डॉक्टर, मूळचे देगलूरकडचे, बोलायला निवांत. "गोळी सकाळी नाश्त्यासोबत आणि संध्याकाळी जेवणासोबत. उपाशीपोटी घेऊ नका, मळमळतं. आणि गोळीच्या वेळी दुधाचं काही नको. दूध त्या गोळीला धरून ठेवतं, मग गोळी अंगाला लागत नाही. म्हणजे बघा, दूध तर नाहीच, पण शिवाय..."

"कळलं सर!" मी उठलोसुद्धा. "मी विज्ञानाचा शिक्षक आहे."

"हो का? मग प्रश्नच नाही," डॉक्टर म्हणाले.

त्या 'शिवाय'च्या पुढं काय होतं हे ऐकायला मी अर्धा मिनिट थांबलो असतो, तर आज तुम्ही दुसऱ्याच कुणाचा लेख वाचत असता.

घरी आल्या आल्या मी कामाला लागलो. दारात दूधवाला भेटला.

"उद्यापासून दूध बंद," मी म्हणालो.

"का हो सर? पाणी लागून राहिलं का दुधाला?"

"पाणी नाही हो. औषध चालू आहे."

"म्हशीला?" त्यानं घाबरून विचारलं. "मला कोणी बोललं न्हाई!"

त्याला वाटेला लावून मी स्वयंपाकघरात शिरलो. फ्रिजमधलं दूध, साय, पेढ्याचा खोका, दुधाच्या बिस्किटांचा पुडा, सगळं शेजारी वाटून टाकलं. न्हाणीघरातल्या साबणाच्या वेष्टनावर 'दुधाच्या सायीने युक्त' असं लिहिलं होतं, तोही गेला. मग टोपलीतला दुधी भोपळा हातात घेतला.

"अहो, दुधीत कुठं दूध असतं?" सुनंदा पलंगावरून ओरडली. तिचा पाय दोन उशांवर ठेवला होता, पण नजर सगळ्या घरावर होती.

"नाव बघ ना त्याचं! उगाच धोका कशाला?"

"मग पोरीचे दुधाचे दात ठेवलेत कपाटात, ते पण टाकता का?"

मी नकळत कपाटाकडं बघितलं. तिनं पायाखालची एक उशी काढून माझ्या अंगावर फेकली. दुधी मात्र मी गेटबाहेरच्या गायीला देऊन आलो. (ती गाय होती, हे माझ्या नंतर लक्षात आलं. म्हणजे ज्या बाईकडून दूध येतं तिलाच मी दुधाच्या संशयावरून पकडलेला आरोपी खाऊ घातला!)

दूध हाकललं खरं, पण सकाळ झाली की खायचं काय, हा प्रश्न उरला. आमच्याकडं नाश्ता म्हणजे दूधपोळी, नाहीतर घट्ट चहात बुडवलेली खारी. सुनंदाला उभं राहता येत नव्हतं आणि मला उभं राहण्यापलीकडं स्वयंपाकघरात काही येत नव्हतं.

"सुशीला करा," सुनंदा म्हणाली. "एकदम सोपी आहे."

(मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी खुलासा: सुशीला ही बाई नव्हे. भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा फोडणीचा नाश्ता आहे. 'बायको आजारी आहे, म्हणून सध्या रोज सकाळी सुशीला,' असं मी माझ्या एका पुण्याच्या मित्राला फोनवर सांगितलं, तेव्हा त्यानं आवाज खाली आणून विचारलं, 'वहिनींना माहीत आहे?')

सुशीलेत मुरमुरे पाण्यात बुडवायचे आणि लगेच पिळून काढायचे असतात. मी बुडवले आणि पेपर वाचायला बसलो. परत आलो तर पातेल्यात खळ तयार! निवडणुकीची पोस्टरं चिकटवायला उत्तम. त्यात मी कांदा, मिरची, शेंगदाणे आणि फुटाण्याच्या डाळीचं कूट घातलं, फोडणी जाळली आणि ताट सुनंदासमोर ठेवलं. तेवढ्यात लातूरहून लेकीचा फोन आला. लेक तिथं क्लासला आहे. परीक्षा तोंडावर, म्हणून पायाचं तिला सांगायचं नाही असं आमचं ठरलेलं.

"मम्मी, पप्पा का खोकून राहिले?"

"नाश्ता करून राहिलेत."

"पप्पा? नाश्ता? मम्मी, खरं सांग, काय झालं घरात?"

तरी बाईनं खाल्लं हो सगळं. गोळी घेतली आणि म्हणाली, "उद्या पेपर नाश्त्यानंतर वाचा."

दुसऱ्या दिवशी मुरमुरे मुरमुऱ्यांसारखे दिसले. त्यानंतर मी मूग वाटून धिरडी घातली. (पहिली तीन तव्यालाच आवडली, त्यानं सोडली नाहीत.) सुनंदाच्या ऑफिसातल्या एका बाईंनी अर्धापूरची केळी पाठवली. केळं, शेंगदाणे, गुळाचा खडा आणि कोरा चहा, हासुद्धा नाश्ता होतो आणि त्याला काहीच जाळावं लागत नाही, हा शोध मला लागला. पायाची सूजही थोडी ओसरली. मी शाळेच्या स्टाफरूममध्ये न विचारता पाककृती सांगायला लागलो.

आणि मग लोह्याहून आत्या आल्या.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. एसटीतून उतरून, डोक्यावर बोचकं आणि हातात कॅन घेऊन त्या दारात उभ्या राहिल्या. "जय भीम, जावईबापू," एवढं म्हणून थेट लेकीच्या पायाशी जाऊन बसल्या, आणि पाय बघताच रडायला लागल्या.

"माझ्याच रानात काटा रुतला माय! त्या बांधावरची बाभळ तोडून टाका म्हून किती दिस झालं मी बोंबलून राहिले!"

"आई, तू काय काटा पेरला होतास का?" सुनंदा म्हणाली. पण आत्यांचं काही समाधान होईना. शेवटी त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि कॅन पुढं ओढला.

"हे काय आत्या?" मी विचारलं.

"ताक. पहाटं घुसळलंय. लेकीच्या तोंडाला चव न्हाई म्हनली फोनवर."

"आत्या, दूध बंद आहे तिचं."

"मंग? मी कुठं दूध आनलं?"

"पण ताक दुधाचंच ना?"

आत्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की लग्नाच्या वेळी मुलगा शिकलेला आहे असं सांगणाऱ्या माणसाचा त्यांना संशय आला असावा.

"आवो जावईबापू, दुधाचं झालं दही. दह्यातलं काढलं लोनी. मंग राहिलं काय? पानी! दूध इकत्यात लोक. ताक कोन इकतं का आमच्याकडं? ताकाला दूध म्हनलं तर आख्खं गाव हासंल."

आता इथं मी गप्प बसून डॉक्टरांना एक फोन लावायला हवा होता. पण मला आठवला माझाच धडा! दरवर्षी मी फळ्यासमोर उभा राहून विचारतो, "दुधाचं दही झालं, आता दह्याचं परत दूध होईल का?" वर्ग ओरडतो, "नाहीऽऽ सर!" "का नाही?" "नवीन पदार्थ तयार होतो सर!" शाब्बास. अपरिवर्तनीय बदल. म्हणजे दही हा नवीन पदार्थ. म्हणजे ते दूध नाही. म्हणजे ताक तर दुधाचं कुणीच लागत नाही!

"सुनंदा," मी जाहीर केलं, "ताक चालतं. शास्त्रीयदृष्ट्या."

"नक्की ना?"

"अगं, मी शिकवतो ते!"

त्यानंतर आमच्या घरातल्या नाश्त्याचे दिवस पालटले. आत्यांनी ज्वारीच्या पिठात बेसन, लसूण, तीळ, मिरची घालून ताकात पीठ भिजवलं आणि ओल्या फडक्यावर धपाटे थापले. दुसऱ्या दिवशी ताकात शिजवलेल्या कण्या. मग आंबील. मग परत धपाटे आणि वर तांब्याभर ताक. सुनंदाला तोंडाची चव आली, मला ढेकर आला. गोळी कडू लागते म्हणाली, तर आत्या म्हणाल्या, "ताकासंगं गीळ, कळनारबी न्हाई." मी स्वतः पेला भरून दिला. भरून, वरचेवर हलवून, मीठ बरोबर आहे का ते चाखून!

आणि पाय परत सुजायला लागला.

आधी वाटलं, उगाच वाटतंय. मग लाली घोट्यापर्यंत आली. अंगात कणकण, मग ताप. सुनंदा सहसा कण्हत नाही. त्या सकाळी ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. म्हणाली, "अहो, पाय जाणार तर नाही ना माझा?"

मी हसून "काहीतरीच" म्हणालो आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं. खरं सांगतो, मी घाबरलो होतो. तिच्या ऑफिसात एका माणसाच्या पायाचं असंच काहीसं होऊन बोट काढावं लागलं होतं, आणि ती गोष्ट तिनंच मला कधीतरी सांगितली होती.

घाबरलेला माणूस दोन गोष्टी करतो. एक तर नीट विचार करतो, नाहीतर माझ्यासारखं करतो. मी ठरवलं, दूध कुठून तरी घरात घुसतंय! मी चहाची गाळणी फेकली. दुधाचं पातेलं कपाटाच्या वरच्या फळीवर चढवलं. शेजारच्यांना विनंती केली, की त्यांनी दूध तापवताना खिडकी लावून घ्यावी, कारण वास येतो. किराणावाल्याला विचारलं, शेंगदाण्यात दूध असतं का? तो म्हणाला, "सर, शाळा कशी चालली?" आणि या सगळ्या धावपळीत आत्या पलंगापाशी बसून लेकीला घोट घोट ताक पाजत होत्या, आणि मी जाता येता म्हणत होतो, "पी, पी. अंगात ताकद येईल."

शेवटी तिला ऑटोत घालून डॉक्टरांकडं नेलं. आत्याही निघाल्या. आणि आत्या कुठंही निघाल्या की सोबत डबा असतोच.

डॉक्टरांनी पाय दाबून बघितला. त्यांचा निवांतपणा जरा कमी झाला.

"गोळ्या वेळेवर घेताय?"

"एकही चुकली नाही," सुनंदा म्हणाली.

"दूध?"

"सर!" मी छाती पुढं काढली. "घरात दुधाचा थेंब नाही. दुधी भोपळासुद्धा आणत नाही आम्ही!"

डॉक्टरांनी माझ्याकडं क्षणभर बघितलं. "बरं. मग हे औषध लागू पडत नाहीये. ॲडमिट करावं लागेल. सुईतून औषध देऊ, आणि आत पू धरला असेल तर चिरा द्यावा लागेल."

सुनंदानं माझा हात धरला. तिचा हात गरम होता, माझा गार पडला होता.

आत्यांना ते बघवलं नाही. त्यांनी डब्याचं झाकण उघडलं आणि टेबलावर सरकवलं.

"घ्या डाक्टरसाहेब, धपाटं खा. लई दमल्यासारखं दिसून राहिले. ताकबी हाय बाटलीत. लेकीला रोज देते मी. गोळीबी ताकासंगंच गिळती माझी बाय, एकदाबी कुरकूर केली न्हाई!"

डॉक्टरांचा धपाट्याकडं गेलेला हात तिथंच थांबला.

"कशासंगं?"

"ताकासंगं."

"आणि हे धपाटे कशात भिजवले?"

"धपाटे कशात भिजवत्यात?" आत्यांना त्यांची कीव आली. "ताकातच की!"

डॉक्टरांनी खुर्ची हळूच माझ्याकडं वळवली. "सर, मी दूध नको म्हणालो होतो."

"दूध नव्हतंच सर. ताक होतं." "तो... अपरिवर्तनीय बदल असतो ना. नवीन पदार्थ..."

"बदल अपरिवर्तनीय असतो हो. पण कॅल्शियम कुठं जातं? तिथंच असतं ना! ते कॅल्शियमच तर गोळीला धरून बसतं. त्या दिवशी मी तेच सांगत होतो: दूध तर नाहीच, पण शिवाय दही, ताक, पनीर, सगळं नको. तुम्ही मध्येच उठून गेलात!" आणि मग ते हसायला लागले. इतके हसले, की बाहेरची नर्स आत डोकावली. "म्हणजे काही दिवसांपासून ह्या बाईंनी औषध जवळजवळ घेतलंच नाही! रोज गिळलं आणि रोज ताकानं अडवलं."

"मग... चिरा?" सुनंदानं विचारलं.

"थांबा जरा." त्यांनी पाय परत नीट तपासला, ताप बघितला, आणि खिशातला पेन काढून लालीच्या कडेनं तिच्या पायावर एक रेघ ओढली. "दोन दिवस देतो. हीच गोळी, पण दुधा-ताकाशिवाय. लाली ह्या रेघेच्या पुढं सरकली, ताप वाढला, तर कधीही या, थांबू नका. मागं हटली तर ॲडमिट व्हायची गरज नाही. आणि हो, दूध दिवसभर बंद नव्हतं सांगितलं मी. गोळीच्या मागंपुढं दोन-तीन तास सोडून चालतं."

म्हणजे एवढे दिवस मी जो कोरा चहा पीत होतो, तोही विनाकारण!

घरी आल्यावर आत्यांनी कॅन उचलला, मोरीत गेल्या आणि उरलेलं ताक ओतून दिलं. मग पाठमोऱ्या तशाच उभ्या राहिल्या. "काटा बी माझ्याच रानातला," त्या म्हणाल्या, "आन ताक बी माझंच."

"आत्या, तुमचा काही दोष नाही. 'चालतं' मी म्हणालो होतो," मी म्हणालो. "शास्त्रीयदृष्ट्या."

पुढची सकाळ अवघड होती. पाण्यात भिजवलेले धपाटे हा आत्यांच्या मते अन्नाचा अपमान होता. त्यांनी केले, पण ते वाकेनात. एक मी टेबलावर आपटून बघितला, तर टेबलाला भोक पडेल असं वाटलं. आत्या कंबरेवर हात ठेवून विचार करत राहिल्या. मग म्हणाल्या, "जावईबापू, दुधी आना."

"कोण?"

"दुधी भोपळा हो! किसून पिठात घातला की धपाटं मऊ व्हतं. ताकाचं काम करतो त्यो."

मी बाजारात जाऊन दुधी निवडला, दोन्ही हातांनी धरून आणला आणि मनातल्या मनात त्याची माफी मागितली. आत्यांनी तो किसला, पिठात मळला, आणि धपाटे असे लुसलुशीत झाले, की सुनंदानं तिसरा मागितला. शेंगदाण्याची चटणी, वर तेल, कोरा चहा आणि गोळी. दुधाचा संबंध नाही, ताकाचा नाही, आणि नावात दूध असलेल्या ज्या एका गरिबाला मी हद्दपार केलं होतं, त्यानंच नाश्ता सावरला.

ते दोन दिवस मी सुनंदाच्या पायावरची रेघच बघत होतो. जाता येता चादर उचलायचो.

"मुंगी बसली का पायावर? सारखं काय बघून राहिलात?" ती वैतागायची.

पहिल्या दिवशी लाली रेघेलाच चिकटून राहिली, पुढं गेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चादर उचलली, तर रेघ एकटीच उभी होती! लाली बोटभर मागं सरकली होती. कपाळाला हात लावला, ताप नव्हता. मला एकदम हलकं वाटलं. मी पलंगाच्या कडेवर बसलो आणि चक्क रडलो. सुनंदा माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "अहो, पाय माझा आहे."

डॉक्टरांनी बघितलं आणि चिरा रद्द केला. आत्या लोह्याला परत गेल्या. लेकीला परीक्षेनंतर सगळं सांगितलं, तर ती फोनवर हसून हसून लोळली आणि म्हणाली, "पप्पा, तुम्ही मला विज्ञान शिकवलं नाही ते लई बरं झालं!" सुनंदा परत चप्पल घालून अर्धापूरच्या बसला जायला लागली. म्हैस ठीक आहे ना, हे विचारून मी दूधवाल्याकडचं दूध परत सुरू केलं. शाळेत अपरिवर्तनीय बदलासाठी मी आता लाकूड जळण्याचं उदाहरण देतो. लाकूड कुणी गोळीसोबत खात नाही.

परवा आत्यांचा फोन आला.

"जय भीम, जावईबापू. चालून राहिली का लेक?"

"हाव आत्या. पळून राहिली."

"सूज?"

"काहीच नाही."

पलीकडं त्यांनी मोठा सुस्कारा सोडला. कितीतरी दिवस छातीत धरून ठेवलेला असावा. मग आवाज खाली आणून, डॉक्टरांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं त्या म्हणाल्या, "एक सांगू का? मला तर वाटतं, आधी पोटात गेलेल्या माझ्या ताकानंच उतार पडला."

समोर सुनंदा ओठ दाबून हसू आवरत होती. मी खोलीभर नजर फिरवली, कुणी विद्यार्थी नाही ना याची खात्री केली, आणि आठवीला विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला शोभेल अशा गंभीर आवाजात म्हणालो,

"हाव आत्या. शास्त्रीयदृष्ट्या."